काळी-पिवळीची प्रायव्हेट

रेस का सोडली, असं मला आजही कुणी ना कुणी विचारतं. वडीगोद्रीत हायवेला माझं टायरचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागं एक जुना फोटो टांगलाय. चिखलानं माखलेली जीप, तिच्या दारावर चौदा आकडा, आणि शेजारी हेल्मेट काखेत धरून उभा असलेला, कानावर केस आलेला एक काटकुळा गडी. पंक्चर काढायला आलेली माणसं चहा येईपर्यंत फोटो बघतात, मग माझ्या पोटाकडं बघतात, आणि दोन्हींचा मेळ लागत नाही म्हणून चौकशी करतात. जिल्ह्यातून मोटारीच्या रॅलीत उतरलेला पहिला माणूस मी, हे सांगितलं की त्यांना आधी खरं वाटत नाही. मग विचारतात, सोडली कशापायी? मी सांगतो, जीप मामाची होती, मामानं परत मागितली. हे अगदी खोटं नाही. पण साठी उलटून गेलीय, आणि मामाच्या नावावर किती दिवस निभवायचं? तो बिचारा वरून ऐकत असेल तर शिव्या देत असेल.

आमच्या घरात वर्षातले आठ महिने दोनच माणसं असायची, माय आणि मी. दिवाळी झाली की बापू मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं निघायचे, ते पावसाळा तोंडावर आला की परत. निघायच्या सकाळी नुसता कालवा असायचा. मेंढरं, कुत्री, घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, चुलत्यांच्या घरातल्या बायकांची घाई. आणि तासाभरात सगळं असं शांत व्हायचं की चुलीतलं लाकूड तडतडलं तरी मी दचकायचो. मायचा पाय लहानपणी मोडून वाकडा बसला होता. तिला एवढं चालणं होत नव्हतं, म्हणून ती मागं राहायची, आणि तिच्यापाशी कुणीतरी हवं म्हणून मी. ती बाजरीच्या भाकरी थापायची, येसरची पातळ तिखट आमटी करायची, तीन ताटं काढायची आणि तिसरं परत फळीवर ठेवायची. "रोज चुकती बघ मी," म्हणायची. आठ महिने रोज चुकायला माणूस किती विसराळू असावा लागतो? मी भाकरी मोडायला घ्यायचो. माझ्या वयाची भावकीतली पोरं तिकडं नदीकाठी एकत्र हिंडायची, एकत्र जेवायची, आणि पावसाळ्यात परत आली की त्यांच्या बोलण्यात अशा गमती असायच्या ज्या मला कळायच्या नाहीत. मी त्यांच्यात बसून उगाच हसायचो. एकटेपण म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

अंबडला मामाच्या दोन जीप होत्या. काळं अंग, पिवळा टप, माणसं वाहणाऱ्या, म्हणून लोक त्यांना काळी-पिवळीच म्हणायचे. लायसन निघाल्याबरोबर मामानं मला एका जीपवर बसवलं. वडीगोद्री ते अंबड, अंबड ते जालना, आणि परत. तीन वर्षं मी हेच केलं. या धंद्यात शिकण्यासारखं फार नसतं. रस्त्याकडेला कुणी हात केला की थांबायचं, "कुठं जायचं?" विचारायचं, आणि घ्यायचं. 'जागा नाही' हे वाक्य काळी-पिवळीत नसतंच. मागच्या दोन बाकड्यांवर दहा, पुढं माझ्या दोन्ही अंगांना चार, मागच्या पायरीवर लोंबकळणारे निराळे. वरून एखादी शेळी, मोसंबीची पोती, लग्नाचं रुखवत. तरी फाट्यावर कुणी उभं दिसलं की आतलेच लोक ओरडायचे, "सरका की जराक, बाई हाय." आणि सरकायचे. तीन वर्षांत माझ्या पायाला एक खोड लागली. हात दिसला की डोक्याला कळायच्या आधी पाय ब्रेकवर जायचा. आता कुणी हात करत नाही, मोबाइलवर गाडी बोलावतात. दिवस दिवस दुकानात बसून मी रस्ता बघतो, पण उचललेला हात दिसत नाही.

बापू मात्र माझ्या जीपमध्ये कधी बसले नाहीत. पावसाळ्यात घरी असतानाही अंबडच्या बाजाराला चालत जायचे. मी शेजारून जीप हळू करायचो, "बापू, बसा की," म्हणायचो. ते हातानंच पुढं जा म्हणून खुणवायचे. "मेंढरं चालत्यात तवर मीबी चालतो." बोलणं कमी, आणि जेवढं ते एवढंच. मला राग यायचा. माझं सगळं शहाणपण त्या चाकामागं होतं आणि ते बापूंनी एकदाही बघितलं नव्हतं.

वेगाचं वेड मला मिलिंदनं लावलं. आमच्या शाळेतल्या गायकवाड गुरुजींचा हा मुलगा माझ्याच वर्गात होता. गुरुजींच्या घरात पुस्तकं होती, इंग्रजी पेपर यायचा, आणि मिलिंदकडं शाळेच्या खेळांतलं एक स्टॉपवॉच होतं. जालन्याला कॉलेजात जाताना तो माझ्या डाव्या हाताला बसायचा आणि फाटा ते फाटा वेळ धरायचा. "काल गिरणीच्या वळनाला तू पाच सेकंद खाल्ले," असं सांगायचा. मागचे प्रवासी देवाचं नाव घ्यायचे. एक दिवस त्यानं पेपरातलं कात्रण आणलं, घाटाकडं रॅली आहे, जीपचा वेगळा वर्ग आहे, कुणीही नाव नोंदवू शकतं. मामाची दुसरी जीप महिनाभर उभीच होती. मामा हसला, पण दिली. "एक साल. पुढल्या दिवाळीला मला काळी-पिवळी जशीच्या तशी पाह्यजे, भाचेबुवा. खर्चा तुहा."

मग तिचा टप पांढरा झाला, टॅक्सीची पाटी जाऊन घरगुती गाडीची पाटी आली. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. वजन कमी करायला मागची दोन्ही बाकडी काढली, ती घरात आणून समोरासमोर ठेवली. माय आणि मी त्यांवर बसून जेवायला लागलो. दहा माणसांच्या बाकड्यांवर आम्ही दोघं. रॅलीच्या फॉर्मवर एक रकाना होता, कुठल्या कंपनीकडून उतरताय. मिलिंदनं तिथं वळणदार अक्षरात 'प्रायव्हेट' लिहिलं. माय म्हणाली, "प्रायव्हेट मंजी?"

"मंजी आपली आपन, माय. कुनाची न्हाई."

"मंग तुह्यासंगं कोन ऱ्हाईन?" तिनं विचारलं. मी हसलो. ती हसली नाही.

रॅलीत रस्ता बंद केलेला असतो, गाड्या एकेक करून सोडतात, आणि कोण किती वेळात पोचलं ते मोजतात. आदल्या दिवशी त्याच रस्त्यानं हळू जाऊन शेजारच्यानं प्रत्येक वळण वहीत उतरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते चालवणाऱ्याला ओरडून सांगायचं. बाकीचे लोक आकडे ओरडायचे, डावं तीन, उजवं पाच. आम्ही ते करून बघितलं. मिलिंद 'तीन' म्हणाला की तीन म्हणजे किती हे मला आठवेपर्यंत वळण मागं पडलेलं असायचं. मग मिलिंदनंच युक्ती काढली. प्रत्येक वळण आमच्या रस्त्यावरच्या कुठल्या वळणासारखं आहे ते तो लिहायचा. 'गिरणी डावी' म्हणजे गिरणीपाशी वळतो तसं डावीकडं. 'मळ्याचा पूल' म्हणजे अरुंद, सरळ, पाय उचलू नको. 'शाळेचा फाटा उजवा' म्हणजे चढ संपतो आणि रस्ता एकदम उजवीकडं तुटतो. परक्या डोंगरात, तोंडात धूळ, आणि कानात आमचं गाव. मी गाडी काय चालवायचो, घरीच चाललेलो असायचो.

पहिल्या रॅलीत एक्सल तुटला. दुसरीत सहावा आलो. कंपन्यांच्या गाड्यांना तंबू होते, चार-चार मेकॅनिक, गरम जेवण, रंगीत छत्र्या. आम्ही जीपच्या सावलीत बसून मायनं बांधून दिलेले धपाटे खायचो, नट आवळायचो. आमच्या शेजारी कुणी थांबायचं नाही. गावातून बघायला कधी कुणी आलं नाही, येणार तरी कसं. हेल्मेट घातलं की जगात मिलिंदच्या आवाजाशिवाय काही उरायचं नाही, आणि खरं सांगतो, ते मला फार आवडायचं. घरी जी शांतता मला खायला उठायची, तीच तिथं मला जोरात पळवायची.

तिसऱ्या रॅलीच्या आदल्या दिवशी एका मोठ्या संघाचे मॅनेजर आमच्या जीपपाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वही बघितली, 'गिरणी', 'फाटा' वाचून हसले, पण वेळा बघून हसू थांबलं. म्हणाले, "आमचा एक ड्रायव्हर सोडून चाललाय. जीपच्या वर्गात पहिल्या तिघांत ये, पुढच्या मोसमात कंपनीची गाडी तुझी." ते गेल्यावर मिलिंद आणि मी जीपचा प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळून घेतला. दिवाळीला जीप परत जाणार होती. त्यानंतर माझ्यापुढं काळी-पिवळी होती, दोन बाकडी आणि तिसरं ताट. मला ते नको होतं, कंपनीची गाडी हवी होती. इतकं कधी काही मागितलं नव्हतं मी देवाकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तिसरे होतो. शेवटचा टप्पा घाटमाथ्यावरचा, कच्चा, उन्हानं पांढरा पडलेला. जीप अशी चालली होती की मी भ्यायचंच विसरून गेलो. चढ संपत आला आणि मिलिंद ओरडला, "शाळंचा फाटा! फाटा उजवा!" वळणाच्या तोंडाशी, करवंदीच्या जाळीपाशी एक माणूस उभा होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि त्यानं हात केला होता.

आमच्या शाळेच्या फाट्यावर कायम कुणीतरी हात करून उभं असतं. माझा पाय ब्रेकवर गेला. जीप फरफटत, आडवी होत त्याच्या पुढ्यात थांबली. मागची धूळ आमच्यावर आली. तो माणूस धावत खिडकीशी आला, दारावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुढल्या गावाला सोडता का, मालक? लई—"

आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं जायचं?"

मिलिंदनं वही माझ्या हेल्मेटवर हाणली. "आरं येड्या! रेस हाय! चल, चल जल्दी!"

मी गिअर टाकला. आरशात तो माणूस धुळीत उभा दिसला, हात तसाच वर. मग वळण आलं.

आम्ही चौथे आलो. तिसऱ्याच्या मागं थोडे सेकंद, ते थांबल्याचेच. संध्याकाळी तंबूंमध्ये गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मिलिंदनं कुणाला सांगितली नव्हती, मीच सांगितली. लोक इतके हसले की मलाही आवडायला लागली. त्यानं हात कसा केला, माझा पाय कसा गेला, मी "कुठं जायचं" कसं म्हणालो, सगळं करून दाखवायचो. पहिल्यांदाच त्या लोकांनी मला आपल्यात बसवून जेवू घातलं. नाव पडलं, टॅक्सी. मॅनेजरनी पाठीवर थाप मारली. "पावसाळ्यातल्या रॅलीला ये. तिथं तिघांत आलास तर शब्द कायम." आणि मग मिलिंदला बाजूला नेलं.

मिलिंद रात्रभर वही चाळत बसला होता. सकाळी जीपला टेकून म्हणाला, "ते मला बोलावून राह्यलेत. वही वाचायला. आत्तापासून."

"आकडे वाचशील?"

"आकडेच वाचावं लागतीन." मग म्हणाला, "मी फाटा म्हणालो न्हाई तर तू थांबला नसता. माही चूक हाय, बाळू."

त्याची चूक नव्हती, हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जा तू." गुरुजींच्या घरचा मुलगा, त्याला पुढं जायचं होतं, आणि त्यानं माझ्यासाठी का थांबावं? तो पुढं खूप मोठा झाला. वर्षातून एकदा फोन येतो. दोघंही त्या वळणाविषयी बोलत नाही. त्या दिवशी मी एकटाच गावाकडं निघालो. डावीकडची जागा रिकामी, तिच्यावर वही. अंबडच्या पुढं ओळखीची माणसं हात करत होती. प्रायव्हेट गाडी आहे, बसायला नाही, अशी खूण करत मी सगळ्यांना मागं टाकत गेलो.

ज्येष्ठात बापू परत आले. त्या दिवशी तिसरं ताट फळीवर गेलं नाही. बापू बाकड्यावर न बसता भुईवर बसले, म्हणून मी आणि मायही खाली बसलो. पावसाळी रॅलीचा फॉर्म भरून फळीवर ठेवला होता, मिलिंदच्या जागी जालन्याच्या एका गड्याचं नाव लिहून. मी खुशीत होतो. बापूंना सांगण्यासारखं माझ्याकडं कधी काही नसायचं, या वेळी होतं. मी टॅक्सीची गोष्ट सांगायला घेतली, हातवाऱ्यांसकट. माय पदर तोंडाला लावून हसत होती. बापू येसरमध्ये भाकरी चुरत ऐकत होते.

"आपल्यातला व्हता?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पटका, घोंगडी. तुमच्यावानीच."

बापूंचा हात थांबला. "आपला मानूस गाडीला हात करीत न्हाई," ते म्हणाले. "पाय हायेत की. दोन दिस लागू दी न्हाई तर चार, चालतो." मग जरा वेळानं, "काठी कोन्या हातात व्हती?"

मी आठवून बघितलं. एक हात वर. एक हात माझ्या दारावर.

"काठी न्हवती, बापू."

"काठी टाकून आल्ता," बापू म्हणाले. हे मला नाही, मायला सांगितलं. मायचं हसू गेलं. मेंढरामागचा माणूस निजतो तेव्हाही काठी उशाला असते, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. एवढे महिने मी ती गोष्ट शंभर लोकांना सांगितली होती आणि मला एकदाही ते दिसलं नव्हतं. "लई" म्हणून त्यानं तोंड उघडलं होतं. लई काय, ते मी ऐकून घेतलं नव्हतं.

"मंग घेतलं का न्हाई त्याला?" बापूंनी विचारलं.

सगळ्यांनी मला सेकंद विचारले होते. हे कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई, बापू. जागा न्हवती."

तीन वर्षं काळी-पिवळी चालवली, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

बापू उठले. चूळ भरली, हात धुतले आणि अंगणात गेले. मला वाटलं, मेंढरांकडं चालले. ते जीपच्या मागं गेले, फळका पाडला आणि लोखंडी पिंजऱ्याखालून वाकून आत चढले. माझ्या गाडीत बापू पहिल्यांदा चढत होते. आत जादा चाकाशिवाय काही नव्हतं, नुसता पत्रा. त्यांनी चाक बाजूला ढकललं आणि पत्र्यावर मांडी घालून बसले. मी आणि माय दारात उभे. बापूंनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि जराक सरकले, कुणी दुसरं माणूस चढताना सरकतात तसे.

"बसता येतंय की," ते म्हणाले.

मग उतरले, धोतर झटकलं आणि मेंढरांकडं गेले. त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत, ना त्यांनी मला रेस सोड म्हणून सांगितलं. पुढं दोन वेळा मी एस्टीनं त्या वळणापर्यंत जाऊन आलो, पुढच्या गावात विचारलं, मागच्या गावात विचारलं. धनगर काय, आज इथं उद्या तिथं, कुणाला काही सांगता आलं नाही. मला अजून माहीत नाही, मागं त्याचं कोण होतं आणि ते जगलं की नाही.

बापू जीपमधून उतरून गेले त्या दुपारी मी घरातली बाकडी एकेक करून बाहेर आणली आणि जीपमध्ये परत बसवायला घेतली. माय एक टोक धरून उभी होती. बोल्ट गंजले होते. शेवटचा आवळेपर्यंत संध्याकाळ झाली.